पोर्थगाइन: आधी ओहोटीची वेळ, मग गाव

पोर्थगाइन दोन तासांत बघून होतं, असं सगळे म्हणतात. वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशर काउंटीत, सेंट डेव्हिड्झ आणि फिशगार्ड यांच्या मधे हे एवढंसं बंदर आहे. एक धक्का, घरांची एक ओळ, एक पब आणि धक्क्यामागे विटांची एक अवाढव्य पडकी भिंत. लोक भिंतीसमोर फोटो काढतात, मासे आणि बटाट्याचे तळलेले काप खातात आणि परततात. ती भिंत कशाची, ती इथेच का आणि तिच्यामागून चढणारी पायवाट कुठे जाते, हे बघायचं राहून जातं. कार्डिफ, स्वान्सी किंवा ब्रिस्टलहून जोडून आलेल्या सुट्टीत इकडे येणाऱ्यांसाठी एका पूर्ण दिवसाची ही आखणी. पद्धत सोपी आहे: पाण्याची वेळ बघून दिवस ठरवायचा, आणि गावात पोचल्यावर दगडाचा प्रवास उलटा चालत जायचा, धक्क्यापासून खाणीपर्यंत.

पाण्याचा हिशेब

या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आपल्या कोकणासारखीच. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाणी साधारण ४ मीटर चढतं-उतरतं; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, जेमतेम दीड मीटर. ओहोटीला पोर्थगाइनचं बंदर अगदी कोरडं पडतं. होड्या गाळावर कलंडलेल्या असतात आणि धक्क्याची भिंत पायथ्यापर्यंत उघडी पडते.

कोकणातला माणूस तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतो. हा हिशेब इथे जसाच्या तसा लावू नका. भरती रोज पाऊण तास, किंवा थोडी जास्तच, पुढे सरकते हे इथेही खरं आहे, पण सुरुवातीची वेळ वेगळी आहे. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास असते. पोर्थगाइनला त्याच सुमारास ती उन्हाळी घड्याळाने सकाळी ८ ते १० च्या दरम्यान येते आणि ओहोटी दुपारी २ ते ४ च्या दरम्यान. त्यामुळे उधाणाच्या दिवसांत दुपारी किनारे रुंद, मोकळे मिळतात. अष्टमीच्या आसपास उलटं होतं. भर दुपारी बंदर भरलेलं दिसतं आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळवर जाते. सहलीची तारीख ठरवायला हा ढोबळ अंदाज पुरतो. किनाऱ्यावर उतरताना मात्र कोष्टकच बघायचं.

भरती-ओहोटीच्या कोष्टकाची छोटी पुस्तिका या भागातल्या दुकानांतून मिळते. तिच्यात नवखा माणूस हमखास फसतो तो घड्याळात. बरीच कोष्टकं वर्षभर ग्रीनिच वेळेनेच छापतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनची घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा छापील वेळेत एक तास मिळवावा लागतो. काही कोष्टकांत तो आधीच मिळवलेला असतो. पहिल्या पानावर बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. वेळ मिलफर्ड हेवनची दिली असेल तर फिशगार्डच्या बाजूला भरती त्यानंतर तासाभराने येते, तोही फरक धरा.

दुसरी चूक वेगाच्या अंदाजाची. पाणी सहा तास एकाच चालीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. ४ मीटरच्या उधाणाला पहिल्या तासात फूटभर पाणी चढतं. ‘अजून वेळ आहे’ असं वाटतं ते इथेच, कारण तिसऱ्या तासात तेच पाणी पुरता एक मीटर वर येतं. म्हणून नियम असा: किनाऱ्यावर ओहोटीच्या तास-दीड तास आधी उतरायचं आणि ओहोटीची वेळ उलटून तास होण्याआधी वर यायचं.

पोचायचं कसं

रेल्वेने यायचं तर हॅव्हरफर्डवेस्टला उतरायचं. लंडनहून येताना बहुधा स्वान्सीला गाडी बदलावी लागते. कार्डिफहून थेट गाड्या आहेत आणि अडीच तासांच्या आसपास लागतात. हॅव्हरफर्डवेस्टहून सेंट डेव्हिड्झ आणि पुढे फिशगार्डला जाणारी टी११ ही बस पोर्थगाइनमध्ये शिरत नाही. क्रोसगोख नावाच्या गावात उतरलं की तिथून लानहरिअनमार्गे पोर्थगाइन सुमारे ४ किलोमीटर. किनाऱ्याने फिरणारी ‘स्ट्रम्बल शटल’ नावाची छोटी बस गावात येते. थांबा नसला तरी सुरक्षित जागी हात केला की ती थांबते. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं आणि हिवाळ्यात फेऱ्या फार कमी होतात, म्हणून परतीची बस आधी नक्की करा आणि मगच निघा.

गाडीने आलात तर ए४८७ रस्ता क्रोसगोखला सोडायचा. पुढचा रस्ता एका गाडीपुरताच, दोन्ही बाजूंना दगड-मातीचे उंच बांध आणि त्यांवर झुडपं. समोरून ट्रॅक्टर आला की कोणाला तरी मागे जावं लागतं, आणि ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे त्याने जायचं असा शिरस्ता आहे. उलटी गाडी चालवायचा सराव नसेल तर ऑगस्टच्या दुपारी इकडे येऊ नका. वस्तीतून जाताना ताशी २० मैलांची मर्यादा पाळा. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर हीच मर्यादा आहे. गावातला वाहनतळ लहान आहे आणि सुट्टीच्या दिवसांत सकाळीच भरतो. हिरवळीवर किंवा धक्क्यावर गाडी चढवू नका, तिथून कोळ्यांचे ट्रॅक्टर-ट्रेलर जातात.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा, एक्सप्लोरर मालिकेतला ओएल३५. १:२५,००० या प्रमाणाचा असल्याने कुंपणंसुद्धा दिसतात. फोनवरच्या नकाशावर विसंबणार असाल तर तो आधी उतरवून ठेवा, कारण या दऱ्यांत नेटवर्क येतं-जातं. वाणसामान सेंट डेव्हिड्झला किंवा फिशगार्डला घेऊन ठेवा. पोर्थगाइनमध्ये बाजारहाट नाही.

पाट्या वाचण्यापुरतं वेल्श

पेम्ब्रोकशरच्या मधून एक जुनी, कुठेही न आखलेली भाषेची सीमा जाते. तिला लँडस्कर म्हणतात. तिच्या दक्षिणेला शतकानुशतकं इंग्रजी, उत्तरेला वेल्श. पोर्थगाइन उत्तरेकडचं. इथली नावं इंग्रजीसारखी वाचली की गावकऱ्यांना कळत नाहीत, आणि गंमत म्हणजे देवनागरीत ती बरीच सरळ लिहिता येतात. रोमन ‘एफ’ एकटा आला की उच्चार ‘व’. शेजारच्या गावाची पाटी ‘ट्रेफिन’ वाटते, पण म्हणायचं ‘त्रेवीन’. दोन ‘एफ’ आले की ‘फ’. ‘डब्ल्यू’ बहुतेकदा ‘ऊ’. दोन ‘डी’ म्हणजे जीभ दातांत धरून काढलेला मऊ ‘द’. म्हणून ‘अबेरेदी’, ‘अबेरेड्डी’ नव्हे. दोन ‘एल’ दिसले की मराठी माणूस ‘ळ’ म्हणायला जातो, ते चूक. जीभ ‘ल’साठी टाळूला टेकवायची आणि आवाज न करता नुसती हवा गालांच्या बाजूने सोडायची. पहिल्या दिवशी जमत नाही. साधा ‘ल’ म्हटलात तरी लोक समजून घेतात.

शब्द थोडेच लागतात. पोर्थ म्हणजे बंदर, अबेर म्हणजे नदीचं मुख, त्राइथ म्हणजे पुळण, पेन म्हणजे टोक, त्रुइन म्हणजे नाक आणि त्यावरून भूशिर, मेलिन म्हणजे गिरणी. अनिस म्हणजे बेट. पण इथलं ‘अनिस बारी’ हे बेट नाही, मागच्या ओढ्याच्या खोलगट दरीमुळे तुटल्यासारखा दिसणारा जमिनीचाच तुकडा आहे. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत ‘अराव’ लिहिलेलं असतं, ते ‘हळू’. सेंट डेव्हिड्झच्या पाटीवर ‘टी देवी’ दिसेल. यात आपली देवी नाही. देवी म्हणजे संत डेव्हिड, आणि गावाच्या नावाचा अर्थ देवीचं घर. पबमध्ये पैसे देताना ‘दिओल्ख’, म्हणजे धन्यवाद, एवढं म्हटलं तरी पुरे.

धक्क्यावर

बंदराच्या पश्चिम बाजूच्या धक्क्यावर, विटांच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा. ही किल्ल्याची तटबंदी नव्हे. ही खडीची कोठारं, म्हणजे हॉपर. आपल्याकडच्या खडी क्रशरखाली ढीग लागतात, तशा ढिगांसाठी बांधलेले हे उभे कप्पे. वर कड्यावर खाणीतून आलेला दगड क्रशरमध्ये पडायचा, चाळण्यांतून आकाराप्रमाणे वेगळा व्हायचा आणि आपापल्या कप्प्यात साठायचा. जहाज खाली धक्क्याला लागलं की कप्प्याचं तोंड उघडायचं आणि खडी घसरणीवरून थेट जहाजात. दगड वरून खाली आणायला वेगळी शक्ती लागत नव्हती, उतारच काम करायचा. कारखाना धक्क्याच्या बाजूला न पसरता कड्याला चिकटून उभा का आहे, याचं उत्तर हेच.

जरा जवळ जा, पण आत शिरू नका. बांधकाम संरक्षित आहे आणि ढासळतंही. कप्प्यांची तळाकडची तोंडं बघा. भिंतींची जाडी बघा. शेकडो टन खडीचा रेटा बाजूला येतो, तो पेलायला ती लागते. मग वीट बघा. या विटा इथल्याच आहेत. खाणीतून पाटीचा दगड, म्हणजे स्लेट, काढताना जेवढा माल निघतो त्याच्या कितीतरी पट कचरा निघतो. १८८९ पासून तो कचरा दळून, दाबून, भाजून इथे विटा पाडल्या जाऊ लागल्या. हिरवळीच्या कडेला असलेली ‘टी मॉर’ नावाची लांबलचक इमारत याच वीटकामाची, नावाचा अर्थ ‘मोठं घर’.

थोडक्यात, या बंदराने तीन धंदे बघितले. आधी पाटीचा दगड, १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून. तो छपरांना जायचा, पण दर्जा उत्तर वेल्सच्या दगडापुढे कमी पडायचा. मग विटा. आणि शेवटी खडी. मोटारगाड्या आल्या, रस्ते पक्के करायची घाई झाली आणि इथला कठीण दगड चालू लागला. लोक त्याला ग्रॅनाइट म्हणत, पण तो डोलेराइट. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा हा चुलतभाऊ. रसायन बेसॉल्टचंच, फक्त शिलारस जमिनीवर न येता आतच सावकाश थंड झाल्यामुळे कण जाड. १८५० च्या दशकात बांधलेलं बंदर खडीच्या मोठ्या जहाजांना अपुरं पडू लागलं, तेव्हा १९०२ ते १९०४ मध्ये ते वाढवलं. आज दिसतं ते रूप त्या वेळचं. १९३१ साली, जागतिक मंदीत, सगळं थांबलं.

बंदराचं तोंड वायव्येला आहे आणि ते अरुंद आहे. जहाज भरतीच्या पाण्यावर आत यायचं, ओहोटीला तळावर बसायचं, भरून व्हायचं आणि पुढच्या भरतीला बाहेर पडायचं. एक भरती चुकली तर पुढची, म्हणजे बारा तास खोळंबा. समुद्रावरून येताना हे तोंड कड्यांमध्ये सापडत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या भूशिरांवर पांढरे रंगवलेले खांब उभे केलेत. ते आजही रंगवले जातात आणि तुमच्या चालण्यातही खुणेला उपयोगी पडतात. धक्क्याच्या टोकाकडे असलेलं छोटं घर वाटाड्यांचं. जहाज आत घ्यायची जबाबदारी त्यांची असे.

आज धक्क्यावर दिसतात ते खेकडे आणि शेवंड पकडायचे सापळे. त्यांच्यावर बसू नका, दोऱ्या हलवू नका. धक्क्याच्या टोकावर वायव्येचा वारा असताना जाऊ नये. एरवी शांत वाटणारं पाणी त्या दिवशी भिंतीवरून येतं, आणि शेवाळलेला दगड बुटालाही धरत नाही.

वर, कड्यावर

पश्चिमेच्या धक्क्यावरून हॉपरच्या बाजूने पायऱ्या चढतात. चढ लहान पण उभा आहे. ही पेम्ब्रोकशर किनारवाट. १९७० साली खुली झाली, लांबी १८६ मैल, म्हणजे जवळपास ३०० किलोमीटर. उत्तरेला सेंट डॉगमेल्सपासून दक्षिणेला ॲमरॉथपर्यंत जाते. तुम्हाला तिचा पोर्थगाइन ते अबेरेदी हा तुकडा चालायचा आहे, सुमारे ३ किलोमीटर. आतल्या बाजूने परत आलात तर सगळा फेरा ६ ते ७ किलोमीटरचा होतो. थांबत, बघत गेलं तर साडेतीन तास धरा.

वर पोचलात की आधी मागे वळा. खालून भिंत वाटलेली गोष्ट इथून यंत्रासारखी दिसते: वर दगड येण्याची जागा, मधे क्रशरचे पाये, खाली कप्पे, त्याखाली धक्का. आता पाठ बंदराकडे करून चालू लागा आणि जमिनीकडे लक्ष ठेवा. वाट मधूनच अगदी सपाट आणि सरळ होते, दोन्हीकडे कापलेला दगड लागतो. निसर्ग अशी वाट करत नाही, ती ट्रामची. अबेरेदीला पाटीच्या दगडाची खाण होती पण जहाज लागेल असा आसरा नव्हता, म्हणून तिथला दगड रुळांवरून पोर्थगाइनला आणत. पेन क्लेगिरच्या टोकाजवळ गवतात इमारतींचे चौथरे आणि खाणींचे खड्डे लागतात. खाणीच्या काठाला कुंपण असेलच असं नाही. कड्याची कड वरून गवताळ आणि भक्कम दिसते, पण खालून पोखरलेली असू शकते. फोटोसाठी कडेपासून निदान दोन माणसांच्या उंचीएवढं अंतर ठेवा, वारा असेल तर अधिक. कुत्रं असेल तर साखळीला. समुद्रपक्ष्यामागे धावलेलं कुत्रं कड्यावर थांबत नाही.

पायात टाच धरणारे बूट हवेत. पाऊस पडून गेला की इथली माती साबणासारखी होते. छत्री आणू नका, पहिल्या झोतात उलटी होईल. वारा अडवणारं जॅकेट आणि टोपी जूनमध्येही पिशवीत असू द्या.

त्राइथ लिवन

वाटेवर उजवीकडे कड्याच्या कुशीत एक लांब पुळण दिसते. नावाचा अर्थ गुळगुळीत किंवा सपाट किनारा. खाली जायला लोखंडी जिना आहे आणि परतायलाही तोच. इथेच कोष्टक कामाला येतं. भरतीला पाणी कड्याच्या पायथ्याला टेकतं आणि पुळणीच्या टोकाला गेलेला माणूस जिन्यापासून तुटतो. कडा चढून सुटका नाही, दगड थरांथरांनी हातात येतो. उतरल्याबरोबर एक खूण करून ठेवा: जिन्याजवळच्या एखाद्या ओल्या खडकाकडे बघा, पाणी त्याला लागलं की निघायचं. इथे पोहू नये. लाट मागे जाताना पायाखालून ओढ लागते आणि जीवरक्षक नसतात. कोणी अडकलंच तर स्वतः पाण्यात न उतरता ९९९ लावा आणि ‘कोस्टगार्ड’ मागा. पोलीस किंवा ॲम्ब्युलन्स मागितलीत तर मधला वेळ जातो.

अबेरेदी आणि निळं पाणी

पुढे वाट उतरते आणि डाव्या-उजव्या बाजूला पडक्या भिंती दिसू लागतात. ही अबेरेदीची खाण. दगड काढणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थांबलं. नंतर समुद्र आणि खड्डा यांच्यामधली भिंत फोडून पाणी आत घेतलं, होड्यांना आसरा म्हणून. तो खड्डा म्हणजे आजचा ‘ब्लू लगून’. खोली सुमारे २५ मीटर. पाण्याला येणारा निळसर-हिरवा रंग दगडातल्या खनिजांचा आणि या खोलीचा. जागा नॅशनल ट्रस्टकडे आहे. रेड बुलच्या कडाउडी स्पर्धा इथे २०१२, २०१३ आणि २०१६ साली झाल्या. त्यांचे व्हिडिओ बघून लोक भिंतीवरून उड्या मारायला येतात, आणि घात होतो तो उंचीपेक्षा थंडीने. ऑगस्टमध्येही समुद्र १६ अंशांच्या आसपास असतो, मार्चमध्ये ८. एकदम पडलं की श्वास आपोआप खेचला जातो, तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. अशा वेळी पोहायची धडपड न करता मिनिटभर पाठीवर तरंगायचं, श्वास जागेवर आला की मग हातपाय मारायचे. उतरायचंच असेल तर कोस्टियरिंगवाल्यांसोबत, म्हणजे खडकांवरून चढत, उड्या मारत, पोहत किनाऱ्याने नेणाऱ्यांसोबत, वेटसूट आणि हेल्मेट घालून उतरा. हा खेळ पेम्ब्रोकशरमध्येच रुजला.

शरद ऋतूत करड्या सीलची पिल्लं इथे असतात आणि तेव्हा पाण्यात उतरणं बंद ठेवतात. पांढरं, एकटं पडलेलं पिल्लू दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं, आई पाण्यात असते. तुम्ही जवळ गेलात की ती येत नाही. वरूनच बघा, हळू बोला.

खाली अबेरेदीची पुळण काळी आहे, पाटीच्या दगडाचीच पूड. इथे थोडा वेळ काढा. उंच भरतीच्या रेषेजवळ सुटे, चपटे दगड पडलेले असतात. एक उचलून उन्हात तिरका धरा. राखाडी पृष्ठावर पेन्सिलने काढावी तशी, करवतीसारखे दाते असलेली बारीक रेघ दिसते, कधी दोन रेघा टोकाशी जुळून स्वरकाट्यासारख्या. हे ग्रॅप्टोलाइट, सुमारे ४६ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या वसाहतींचे ठसे. शास्त्रीय नावाचाच अर्थ ‘दगडावरचं लिखाण’. आणि दगड पाटीचा. इथली जात डिडिमोग्राप्टस मर्चिसोनी, ती या खाडीमुळे भूशास्त्राच्या वर्गांत ओळखीची आहे. कड्यावर हातोडी चालवू नका, त्याने कडाही कोसळतो आणि ठसाही तुटतो. सुटा दगड बघा, फोटो काढा आणि जागेवर ठेवा. सावली लांब असते तेव्हा, सकाळी किंवा संध्याकाळी, ठसे स्पष्ट दिसतात. भर दुपारी सगळेच दगड सारखे वाटतात. ठसा सापडत नसेल तर दगड किंचित ओला करून बघा.

पुळणीमागे घरांची पडकी ओळ दिसते, खाणकामगारांची वस्ती. समुद्राचं पाणी शिरून ती उठली.

परत, आतल्या वाटेने

परतताना अनिस बारीच्या शेतवाडीवरून जाणारी आतली वाट घ्या. समुद्राचा वारा लागत नाही आणि चालणं लवकर होतं. फाटक जसं असेल तसंच ठेवायचं: उघडं तर उघडं, बंद तर बंद. मेंढ्यांच्या मधून जाऊ नका, कडेने जा. गाईंसोबत वासरं असतील तर लांबून वळसा घ्या.

वाट गावात उतरते ती घरांच्या ओळीशी. तिचं नाव नुसतं ‘द स्ट्रीट’, कामगारांसाठी बांधलेली बुटकी घरं. छपरं नीट बघा. पाटीचे तुकडे वेगवेगळे दिसत नाहीत, वरून चुना किंवा सिमेंटचा पातळ हात फिरवलेला असतो आणि सगळं छप्पर एकसंध, फिकट दिसतं. हे उत्तर पेम्ब्रोकशरचं खास काम. स्थानिक तुकडे लहान, वारा जबरदस्त, मग ते उडू नयेत म्हणून लेप.

खाणी बंद पडल्या तरी घरं आणि जमीन पुढची पन्नास वर्षं कंपनीच्याच मालकीत राहिली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मालमत्ता विकायला निघाली. कोणी एक धनिक अख्खं गाव घेऊन सुट्टीची घरं करेल, ही भीती होती. रहिवाशांनी एकत्र येऊन आपली घरं घेतली आणि हॉपर व बंदराकडचे अवशेष राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाकडे आले. म्हणून भिंत पाडली गेली नाही आणि रंगवून नवीही केली गेली नाही.

जेवायला दोन ठिकाणं. ‘स्लूप इन’ हा पब १७४३ पासूनचा सांगतात, म्हणजे खाणींच्याही आधीचा. भिंतींवरचे जुने फोटो जेवण येईपर्यंत बघा: हॉपर चालू असतानाचे आहेत आणि सकाळी बघितलेले कप्पे त्यांत ओळखू येतात. धक्क्याजवळचं ‘द शेड’ माशांसाठी. उन्हाळ्यात दोन्हीकडे जागा आधी सांगून ठेवा. शाकाहारी असाल तर तेही तेव्हाच सांगा, आणि तळणाचं तेल मासे तळलेलंच आहे का हे विचारा.

पायांत जोर उरला तर पूर्वेला त्रेवीनपर्यंत आणखी ३ किलोमीटर आहेत. याच किनाऱ्यावर कास्तेल कोख हा लोहयुगीन भूशिरावरचा दुर्ग आहे. तीन बाजूंनी समुद्र आणि जमिनीच्या बाजूला खंदक-तट. आपल्या जंजिऱ्या-विजयदुर्गाची सवय असलेल्या डोळ्याला नुसते मातीचे उंचवटे वाटतील, पण दुर्ग तोच आहे. त्रेवीनच्या खाली ओढ्याच्या मुखाशी पडकी पाणगिरणी आहे, १९१८ साली बंद झालेली, जाती अजून तिथेच. तिथून शटल पकडता येते. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चार वाजता अंधार पडायला लागतो. हिवाळ्यात आलात तर त्रेवीनचा बेत सकाळी करा आणि अबेरेदी दुपारच्या ओहोटीला ठेवा.